आई ताटापाशी परत कधी बसली



हा लेख लिहावा की नाही, या विचारात दोन महिने गेले. शेवटी भाचीनेच सांगितलं, "मावशी, लिही. फक्त माझं नाव नको आणि वजनाचे आकडे नकोत." दोन्ही अटी मला मान्य आहेत.

गेल्या वर्षी दशलक्षणात तिने दहाही दिवस एकाशन केलं. वय पंधरा. मंदिरात चारचौघींसमोर मीच तिची पाठ थोपटली, "बघा, आमची पोर!" अनंत चतुर्दशी झाली, क्षमावाणी झाली, सगळ्यांची पारणी झाली आणि तिचं एकाशन मात्र सुरूच राहिलं. आम्हाला वाटलं, धर्माची गोडी लागली. दिवाळीत भेटले तेव्हा तिच्या हातावर बारीक लव आली होती, भर दुपारी ती स्वेटर घालून बसली होती आणि चार महिने पाळी नव्हती. घरातल्या सगळ्यांसाठी तिने स्वतः शंकरपाळ्या तळल्या, एकही तोंडात टाकली नाही. पुढच्या महिन्यात नाडीचे ठोके इतके मंद झाले की रुग्णालयात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ॲनोरेक्सिया नर्व्होसा.

आधी ज्यांच्याकडे नेलं होतं त्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, आईच्या अतिकाळजीने हे झालंय, मुलीला काही दिवस आईपासून लांब ठेवा. बहिणीच्या सासूबाईंचंही तेच मत होतं. नव्या डॉक्टर बाईंनी बरोब्बर उलटं सांगितलं, "घरी गेल्यावर आईवडिलांनीच वाढायचं, शेजारी बसायचं आणि ताट संपेपर्यंत उठायचं नाही." बहीण रडवेली होऊन मला म्हणाली, "ताई, तू तीस वर्षं इतिहास शिकवलास. मला एवढंच शोधून दे, आईला ताटापासून उठवलं कुणी आणि परत बसवलं कुणी?"

म्हणून हा इतिहास. सगळा आपल्या देशाबाहेरचा आहे, पण स्वयंपाकघर सगळीकडे एकच.

सुरुवात लंडनच्या रिचर्ड मॉर्टन या वैद्यापासून करते. १६८९ मध्ये त्याने क्षयरोगावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला आणि त्यात क्षय नसूनही झिजत गेलेल्या दोघांची हकिगत दिली. एक अठरा वर्षांची मुलगी. पाळी बंद, अन्नाची वासना गेलेली, पण रात्रंदिवस पुस्तकात डोकं. हाडांवर नुसती कातडी उरली होती असं तो लिहितो. तिने औषधं नाकारली आणि ती गेली. दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. त्याला मॉर्टनने अभ्यास सोडून खेड्यात जायला, घोड्यावर बसायला आणि दूध प्यायला सांगितलं. तो बराचसा सावरला. हा आजार मुलींचाच, असं आजही म्हणतात, त्यांनी हे पोर लक्षात ठेवावं.

त्यानंतरची जी गोष्ट सांगणार आहे ती नेमकी या आजाराची आहे असा माझा दावा नाही. पण ती वाचल्यावर मला मंदिरातली माझी ती शाबासकी आठवली आणि पुस्तक मिटावं लागलं. वेल्समध्ये कार्मार्थनशायर परगण्यात सेरा जेकब नावाची शेतकऱ्याची मुलगी होती. १८६७ च्या शरद ऋतूपासून ती काहीच खात नाही, असं घरचे सांगू लागले. बातमी पसरली. लांबून लोक बघायला येऊ लागले, तिच्या पलंगावर पैसे आणि भेटी ठेवू लागले. काहींना तो चमत्कार वाटत होता, काहींना लबाडी. खरंखोटं करायला १८६९ च्या डिसेंबरात लंडनच्या गायज रुग्णालयातून चार परिचारिका पहाऱ्यावर आणल्या. तिने मागितलं तर द्यायचं, आपणहून काही द्यायचं नाही, असं ठरलं होतं. तिने मागितलं नाही. आईवडील, डॉक्टर, परिचारिका अशी सगळी माणसं त्या खोलीत होती आणि १७ डिसेंबरला बारा वर्षांची ती मुलगी भुकेने गेली. पुढच्या वर्षी आईवडिलांना शिक्षा झाली. पैसे ठेवून गेलेल्यांना अर्थातच काही झालं नाही.

याच गायज रुग्णालयात शिकलेले आणि नावारूपाला आलेले सर विल्यम गल. राणी व्हिक्टोरियाच्या घराण्याचे डॉक्टर. १८७३ मध्ये त्यांनी लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे निबंध वाचला आणि या आजाराला आजचं नाव दिलं. कुमारी ए, कुमारी बी, कुमारी सी अशा तीन मुलींच्या हकिगती त्यात आहेत. पोटात दोष नाही, क्षय नाही, तरी अन्न नको. शरीर इतकं खंगलेलं आणि तरी पोरी अखंड चालताहेत, बसायला सांगितलं तर चिडताहेत. (आमची भाची रुग्णालयातसुद्धा उभ्यानेच अभ्यास करायची.) गल यांनी उपचाराआधीची आणि नंतरची चित्रं छापली. त्या चित्रांतला फरक बघून माझ्या बहिणीला त्या आठवड्यात पहिल्यांदा झोप लागली. वजनाचे आकडेही त्यांनी दिले आहेत, पण भाचीला दिलेला शब्द मी त्या पोरींनाही लागू करते.

गल यांना फार लवकर कळलेली गोष्ट म्हणजे औषधाने विशेष होत नाही, अन्नाने होतं. ऊब द्या, ठरलेल्या वेळी थोडं थोडं खायला द्या आणि खावंसं वाटतंय का, हे रोग्याला विचारत बसू नका. इथवर ठीक. पण पुढे त्यांनी लिहिलं की नातेवाईक आणि स्नेही ही या रोग्यांच्या शुश्रूषेला सर्वांत वाईट माणसं. आईला ताटापासून उठवलं ते इथे.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग या डॉक्टरांनी याच आजारावर लिहिलं, आणि त्यांचं लिखाण वाचताना ते आपल्या घरी कोपऱ्यात बसून सगळं पाहत होते की काय असं वाटतं. घरच्यांकडे दोनच हत्यारं असतात, विनवणी आणि धमकी. टेबलावर पदार्थांची संख्या वाढते, आवडीचं आवडीचं केलं जातं, मुलगी चव घेते आणि ताट सरकवते. घर जितकं काकुळतीला येतं तितकी तिची भूक कमी होते. आणि ती स्वतः? ती शांत. मला काही त्रास नाही, मी बरी आहे. घरचं वातावरण आणि रोगी यांचा विचार एकत्र केला पाहिजे, हे लासेग यांनी तेव्हाच सांगितलं. ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं गेलं ते शार्को यांचं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले हे त्या काळचे सर्वांत मोठे मज्जातज्ज्ञ. १८८० च्या दशकात त्यांनी एका मुलीच्या आईवडिलांना गाव सोडून जायला लावलं आणि पोर खाऊ लागली. झालं. एकांत हाच उपचार, असा दंडक पडला. विसाव्या शतकात कितीतरी वर्षं मुलीला रुग्णालयात ठेवायचं, आईला दाराबाहेर ठेवायचं, हेच चाललं. मध्ये १९१४ नंतर आणखी एक वळण आलं. हॅम्बुर्गच्या मॉरिस सिमंड्स यांनी मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या नाशामुळे माणूस खंगतो हे दाखवलं आणि मग पुढची काही दशकं या पोरींनाही ग्रंथीचा आजार समजून ग्रंथींचे अर्क दिले गेले. तो घोळ निस्तरल्यावर पुन्हा पलंग आणि शिस्त. वजन वाढलं तर पत्र मिळेल, वजन वाढलं तर भेट मिळेल. पोरी हुशार. पटापट खायच्या, सुटका करून घ्यायच्या आणि घरी जाऊन पुन्हा तेच.

शरीर भरलं म्हणजे मन भरलं का, हा प्रश्न इथे येतो. त्याचं सर्वांत स्पष्ट उत्तर मिळालं ते आजारी मुलींकडून नव्हे, तर धडधाकट तरुण पुरुषांकडून.

१९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस तरुण घेतले. हे सगळे युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले, बरेचसे अहिंसावादी ख्रिस्ती पंथांतले. युद्धामुळे युरोपात उपासमार झाली होती, त्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शोधायला ते स्वतः उपाशी राहायला तयार झाले. अहिंसेसाठी अशी उपासमार पत्करणारी माणसं आपल्याला परकी वाटायला नकोत. तीन महिने नेहमीचं जेवण, मग सहा महिने अर्धपोटी, बटाटे, सलगम, कोबी, पाव, आणि आठवड्याला बावीस मैल चालणं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने उतरलं.

खरं सांगायचं तर मला धक्का बसला तो त्यांच्या शरीराच्या नव्हे, मनाच्या हकिगतीने. हे तरुण पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले. एकेका घासाला तासन्‌तास लावू लागले, ताट चाटू लागले. हसणं गेलं, मैत्री गेली, उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. काहींना आपण रोड झालोय असं वाटेचना, उलट बाकीचे लोकच जाड दिसू लागले. शंकरपाळ्या तळून न खाणारी आमची पोर, मोबाइलवर रात्री केकच्या कृती बघणारी आमची पोर, हिला हट्टी म्हणायचं की उपाशी? यातली कितीतरी लक्षणं स्वभावाची नसून उपासमारीची असतात, हे त्या छत्तीस जणांनी दाखवून दिलं.

आणि मग खायला द्यायला सुरुवात झाली. सगळ्यांना वाटलं, आता पोरं खुलतील. झालं उलटं. पहिल्या काही आठवड्यांत कित्येकांची मनःस्थिती आणखी बिघडली, चिडचिड वाढली. आहार थोडाथोडा वाढवून भागेना, भरपूर द्यावा लागला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. जवळजवळ साठ वर्षांनी त्यांच्यातल्या अठरा जणांना शोधून विचारलं, तेव्हा पूर्ण बरं वाटायला दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागल्याचं त्यांनी सांगितलं. ही आजार नसलेल्या माणसांची गोष्ट. आजार असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला किती लागत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

भाचीच्या बाबतीत क्रम असाच होता. आधी नाडी सुधारली, मग हातपाय गरम राहू लागले. पोटात गुबारा धरायचा, पाय सुजायचे, रात्री घामाने कपडे भिजायचे. हे सगळं बरं होतानाचं. पाळी कितीतरी महिन्यांनी आली. हाडांचं काय ते अजून तपासतात, कारण हाडं भरायचं वयच हे असतं. पण मन? वजन वाढू लागलं तशी ती जास्त घाबरली, जास्त ओरडली. शरीर पुढे निघून गेलं होतं आणि मन मागे रस्त्यात बसून होतं. त्या काळात बहिणीला वाटायचं की आपण पोरीचा छळ करतोय.

एकदम खाऊ घालायचं नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिले दिवस रुग्णालयातच, रोज रक्त तपासून, हळूहळू. उपाशी शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं आणि हृदय दगा देऊ शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी छावण्यांतून सुटलेले काही कैदी पोटभर जेवण मिळाल्यावर दगावले, तेव्हा हे जगाच्या लक्षात आलं. मोठ्या उपवासाचं पारणं मुगाच्या पाण्याने हळू सोडवणाऱ्या आपल्या आज्यांना यातलं काही नवं वाटलं नसतं. पण हे काम घरच्या अंदाजाने करण्यासारखं नाही, हेही सांगते.

मनाकडे नीट लक्ष दिलं ते हिल्डे ब्रुख यांनी. नाझींमुळे १९३३ मध्ये जर्मनी सोडलेल्या या ज्यू डॉक्टर पुढे अमेरिकेत, ह्यूस्टनला काम करत होत्या. १९७८ मध्ये त्यांचं 'द गोल्डन केज' आलं. सोन्याच्या पिंजऱ्यातल्या चिमणीची उपमा त्यांच्या एका रुग्ण मुलीचीच. ब्रुख यांचं म्हणणं असं, की ही मुलगी बारीक होण्यासाठी नव्हे तर आयुष्यात एका तरी गोष्टीवर आपला ताबा आहे हे वाटण्यासाठी उपाशी राहते. शहाणी, आज्ञाधारक, पहिला नंबर काढणारी मुलगी. आपल्या समाजात अशा मुलींना काय म्हणतात? संस्कारी. ब्रुख यांनी मुलींचं ऐकून घेतलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण त्यांच्या लिखाणातून आईवर ठपका येतो तो येतोच.

त्याच वर्षी फिलाडेल्फियात साल्वादोर मिनुचिन यांनी अख्ख्या कुटुंबाला रुग्णालयात बोलावून मुलीसह जेवायला बसवल्याचे प्रयोग छापले. आई परत ताटापाशी आली खरी, पण आरोपी म्हणून. घरातच बिघाड आहे, तो दुरुस्त करायचा, असा सूर.

खरा बदल लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात झाला. तिथल्या परिचारिका मुलींच्या शेजारी बसायच्या, न रागावता, न हटता, ताट संपेपर्यंत. वजन येतं हे दिसत होतं आणि घरी गेल्यावर जातं हेही दिसत होतं. मग जेरल्ड रसेल, ख्रिस्तोफर डेअर आणि आयव्हन आयझलर यांच्या गटाने आईवडिलांना हाताशी धरून पाहिलं. रुग्णालयातून सुटलेल्या ऐंशी जणांपैकी काहींना वर्षभर कुटुंबासह उपचार, काहींना एकट्याने. १९८७ मध्ये निष्कर्ष छापले. एकोणीस वर्षांच्या आत आजार सुरू झालेल्या आणि तीन वर्षांहून कमी काळ आजारी असलेल्या मुलामुलींमध्ये कुटुंबाचा उपचार स्पष्ट सरस ठरला. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा त्यातले दहापैकी नऊ चांगले होते, एकट्याने उपचार घेतलेल्यांत तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त. हा गट फक्त एकवीस जणांचा होता, म्हणून हुरळून जाऊ नये. नंतर अमेरिकेत शिकागो आणि स्टॅनफर्डला १२१ मुलामुलींवर मोठा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये आला. उपचार संपून वर्ष झाल्यावर कुटुंबाच्या पद्धतीत ४९ टक्के पूर्ण बरे होते, एकट्याच्या उपचारात २३ टक्के. म्हणजे निम्मे अजून पूर्ण बरे नव्हते. हेही बहिणीला सांगितलं. खोटी आशा देणारी बहीण काय कामाची.

या पद्धतीत कारण कुणाचं, हे शोधतच नाहीत. दोष आईचा नाही, पोरीचाही नाही. आजार वेगळा, मुलगी वेगळी. आधी जेवणाची सगळी सूत्रं आईवडिलांकडे, किती आणि काय ते तेच ठरवणार. मग वजन सावरलं की एकेक घास, एकेक वेळ मुलीच्या हाती परत. आणि मग तिच्या वयाचे प्रश्न, मैत्रिणी, कॉलेज, आरशातली ती. अन्न हेच औषध, हे त्यांचं ब्रीद.

या ब्रीदाने आमच्या घरात वाद झाला, आणि तो इथे लिहायलाच हवा. दिवसात सहा वेळा खायचं, शेवटचं रात्री नऊला. आमच्याकडे सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. भाची लगेच म्हणाली, "मी रात्री खाणार नाही, नियम आहे." बहीण गडबडली. ती गावात आलेल्या माताजींकडे गेली. माताजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोळाकारण भावना रोज म्हणता ना? शक्तितस्तप म्हणता, त्यातला पहिला शब्द कोणता?" शक्तीनुसार तप. मग म्हणाल्या, "रात्री औषध देता की नाही आजाऱ्याला? मग हे औषध आहे. आणि नियम ही घेते की भीती घेते, ते तिला नंतर विचारा, पोट भरल्यावर." त्या रात्री नऊ वाजता बहिणीने दूध आणि खजूर भाचीपुढे ठेवले आणि शेजारी बसली. पेला रिकामा व्हायला साडेदहा वाजले. भाची त्यात काय काय बोलली, ते मी लिहीत नाही. मेहुणे दाराशी उभे होते. सासूबाई आतून आल्या आणि काही न बोलता दुसऱ्या बाजूला बसल्या.

यंदाच्या दशलक्षणात भाची पूजेला आली. एका बाईंनी विचारलं, "यंदा काय करतेस गं?" मी मध्ये पडणार इतक्यात तीच म्हणाली, "यंदा सहा वेळा जेवते." बाईंना थट्टा वाटली, त्या हसल्या.

काल बहिणीचा फोन आला. भाचीने कुणी न सांगता दुसरी चपाती घेतली, आणि मग खोलीत जाऊन तासभर रडली. बहिणीने दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आणि म्हणाली, "ठेवते गं, साडेआठ वाजले, दूध तापवायचंय."